लाकडात कोरलेली नोटीस

आमचे घरमालक आयुष्यात एकदाही जपानला गेले नाहीत. मेलबर्नहून विमानं जातात, आणि काकूंनी त्यासाठी दोनदा सुटीसुद्धा काढून ठेवली होती. पण काका म्हणायचे, "तिथे जाऊन काय बघायचं? तिथल्या लोकांनी हे सगळं कधीच सोडून दिलं." ‘हे सगळं’ म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरायचं, त्याला रंग लावायचा आणि ते कागदावर हाताने छापायचं. जपानी लोकांनी म्हणे सोडून दिलेलं हे काम पुढे न्यायची जबाबदारी मेलबर्नच्या कडेला ट्रुगानिनातल्या एका डबल गॅरेजवर येऊन पडली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. जपानात आजही ही कामं करणारी माणसं आहेत हे मी त्यांना एकदा फोनवर व्हिडिओ लावून दाखवलं. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाले, "पटाशी चुकीची धरलीये."

त्या गॅरेजमध्ये गाडी लावू द्या म्हणणारा प्रत्येक भाडेकरू त्यांना संस्कृतीचा शत्रू वाटायचा. मी अशी शत्रू म्हणून त्यांच्याकडे साडेचार वर्षं राहिले.

खोली बघायला गेले तेव्हा मी युनि संपवून जवळच्याच एका वेअरहाउसमध्ये स्टॉक कंट्रोलला लागले होते. पे-स्लिप, आधीच्या घरमालकाचं पत्र, पासपोर्टची कॉपी असं सगळं फाइलमध्ये घालून नेलं होतं. काकांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. माझ्यासमोर दोन कागद ठेवले. दोन्हींवर एकच चित्र, पाण्यात उभा असलेला पेलिकन.

"यात फरक काय?"

मी बराच वेळ बघत राहिले. "दुसऱ्यात चोचीचा रंग जरा सरकलाय."

"जरा म्हणजे किती?"

"म्हणजे... जरासा."

"अर्धा मिलिमीटर," काका म्हणाले. "जरासा हे माप नाही. पण दिसलं तुला. सामान कधी आणतेस?"

मागे उभ्या असलेल्या काकूंनी डोळ्यांनीच मला विचारलं की नक्की राहायचंय का. मला तेव्हा ते कळलं नाही.

काका मूळचे पिंपरीचे. तिथल्या गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते क्वालिटीत होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम नापास करायचा त्यांना पगार मिळायचा. इथे आल्यावर गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका फॅक्टरीत त्यांनी वीस वर्षं तेच केलं. मग ती फॅक्टरी बंद पडली आणि नापास करायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. काकू सांगायच्या की पहिले दोन महिने ते त्यांच्या पोळ्या मोजमापाने बघायचे. सुदैवाने त्याच सुमारास लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना जपानी छापचित्रांचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. "त्या पुस्तकाने माझा संसार वाचवला," काकू म्हणायच्या, आणि लगेच पुढे म्हणायच्या, "आणि गॅरेज घालवलं."

पुस्तकात लिहिलं होतं की जुन्या काळी हे काम चौघांचं असे. एक जण चित्र काढणार, दुसरा कोरणार, तिसरा छापणार आणि चौथा पैसे घालून विकणार. काकांना हा सगळा प्रकार ढिलाईचा वाटला. चौघं म्हटली की चुका ढकलायला तीन माणसं मोकळी, असं त्यांचं क्वालिटीतलं निदान होतं. त्यांनी चारही कामं स्वतःकडे घेतली. त्यातलं चौथं, म्हणजे विकायचं, त्यांनी कधीच केलं नाही. काकू एज्ड केअरमध्ये नोकरी करत होत्या. दिवसभर लोकांची म्हातारी माणसं सांभाळायच्या आणि घरी येऊन म्हणायच्या, "आता घरची शिफ्ट."

या कलेला एक गोष्ट सारखी लागते, ती म्हणजे ओला कागद. फार ओला नाही, कोरडा तर नाहीच. जाड जपानी कागद आदल्या दिवशी भिजवून, दाबून, ओलसर ठेवायचा, कारण कोरडा झाला की आक्रसतो, आणि आक्रसला की चोच सरकते. एका चित्राला सात-आठ रंग, प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा, आणि प्रत्येक ठोकळ्याच्या कडेला दोन खाचा. त्या खाचांत कागद बसवायचा, वरून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने घासायचा, उचलायचा, पुढचा ठोकळा. शंभर प्रती म्हणजे आठशे वेळा. एवढ्या दिवसांत ओल्या कागदाला बुरशी धरते, म्हणून तो फ्रीझरमध्ये ठेवायचा, हा शोध काकांना कुठून लागला देव जाणे. फ्रीझरमधले मटार, पराठे आणि काकूंनी गणपतीसाठी करून ठेवलेले मोदक एका सकाळी बाहेर आले, आणि आत प्लास्टिकचे चपटे गठ्ठे गेले. वर चिठ्ठी होती: ‘कागद. पनीर नव्हे.’ आधीच्या भाडेकरूने काय केलं असेल याचा मी अंदाज बांधला.

उन्हाळ्यात पारा चढला आणि गरम वारा सुटला की बाथरूम जप्त. तिथे गरम पाण्याचा शॉवर सोडून काका कागद दमट ठेवत. आम्ही आंघोळीला जिमला जायचो. पहिल्याच उन्हाळ्यात मी मेंबरशिप घेतली, आणि लोकांना वाटलं मी वजनाचं मनावर घेतलंय.

इथल्या मराठी मंडळाने एकदा त्यांना गणपतीच्या स्मरणिकेसाठी मुखपृष्ठ मागितलं. काकांनी होकार दिला, आठ महिने आधी. मुखपृष्ठ मार्गशीर्षात तयार झालं. मंडळाचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी वापरू." काकांनी उत्तर दिलं, "पुढच्या वर्षापर्यंत मला त्यातल्या चुका दिसतील." आणि खरंच दिसल्या.

पण त्यांचा खरा राग होता तो लाटेवर. प्रसिद्ध जपानी छापचित्रातली ती निळी लाट, जी जगातल्या प्रत्येक मगवर, मोज्यावर, छत्रीवर, फोनच्या कव्हरवर असते. काकांच्या साठीला ओळखीच्या पाच घरांतून त्या लाटेचे पाच मग आले. काकांनी ते रांगेने मांडले आणि पाहुण्यांना प्रत्येकावर निळा किती चुकलाय ते समजावून सांगितलं. आणणारी माणसं समोरच बसली होती.

गंमत म्हणजे तेच काका कोणी भेटलं की सांगायचे, "ही राजेरजवाड्यांची कला नव्हे. लोकांची आहे. नूडल्सच्या एका वाटीच्या किमतीत चित्र मिळायचं. हमाल घ्यायचे, न्हावी घ्यायचे. आवडत्या नटाचं, आवडत्या पुलाचं. दारांवर चिकटवायचे, फाटलं की फेकून द्यायचे. कपबश्या गुंडाळून युरोपात पाठवायचे, आणि तिथले मोठमोठे चित्रकार कपबश्या सोडून कागदच बघत बसले." हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. त्यांची स्वतःची चित्रं मात्र काचेमागे असायची, आणि ती बघायला जाताना चपला आणि चहा दोन्ही बाहेर ठेवावं लागे.

मी तिथे दोन वर्षं काढल्यावर काकांनी आमची गल्ली काढली. विषय होता कचऱ्याच्या बिन्स. आठवड्यातून एका संध्याकाळी सगळे आपापल्या बिन्स ओढत रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. लाल, पिवळ्या, हिरव्या झाकणांची ती रांग, मागे एकसारखी नवी घरं आणि वर पश्चिमेचं ते अवाढव्य आकाश. काकांनी आकाशाचा निळा वरून खाली विरघळत आणला होता, ओल्या ब्रशने ठोकळ्यावरच रंग पुसत पुसत. प्रत्येक बिनवर घराचा नंबर कोरलेला, तांदळाएवढा. आमच्या शेजारचे पाजी ट्रक चालवायचे आणि त्यांच्या बिनचं झाकण आयुष्यात कधी बंद झालेलं नव्हतं. चित्रातही ते उघडंच होतं, आणि आतून पिझ्झाचा खोका डोकावत होता.

ते चित्र खरंच सुंदर होतं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण त्यावर "सुंदर हे माप नाही" असं उत्तर आलं असतं.

मी त्याचा फोटो काढला आणि आमच्या सबर्बच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. एरवी त्या ग्रुपवर लोक हरवलेली मांजरं आणि सापडलेल्या नंबरप्लेट्स टाकतात. तासाभरात गल्लीतले सगळे आपापली बिन शोधू लागले. कोणी म्हणे माझी दिसते, कोणी म्हणे माझी का नाही. पाजी स्वतः दारात आले आणि काकांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "अंकलजी, मेरा डिब्बा अमर कर दिया आपने."  तिसऱ्या दिवशी काकांनी सहज विचारलं, "त्या ग्रुपवर अजून काय म्हणतायत?"

त्याच आठवड्यात मला एका बाईंचा मेसेज आला. मी ब्रेकमध्ये होते, एका हातात सँडविच. वर दिसत होतं तेवढंच वाचलं, चित्र फार आवडलं, आमची गल्ली इतकी देखणी आहे हे माहीत नव्हतं, वगैरे. मी ‘नो वरीज’ असं टाकून कामाला लागले. इथे माणूस दिवसातून तीस वेळा नो वरीज म्हणतो आणि एकोणतीस वेळा त्याचा काही अर्थ नसतो. ही तिसावी वेळ होती. मेसेजच्या खालच्या अर्ध्या भागात बाईंनी विचारलं होतं की शाळेच्या फेटसाठी, म्हणजे जत्रेसाठी, हे चित्र टी-टॉवेलवर, म्हणजे भांडी पुसायच्या फडक्यावर, छापलं तर चालेल का.

पुढच्या महिन्यातली रविवारची आर्वो, म्हणजे इथली दुपार. काका गॅरेजमधून हात धुऊन स्वयंपाकघरात आले, ओट्यावरचा टॉवेल उचलला, हात पुसले आणि थांबले.

"हे काय आहे?"

"टॉवेल," काकू म्हणाल्या.

"कसला?"

"कॉटनचा. फेटला घेतला. चांगला शोषतो पाणी."

काकांनी टॉवेल टेबलावर पसरला. हळदीचा एक डाग बरोबर आकाशात पडला होता. ते गॅरेजमध्ये गेले, स्टीलची पट्टी घेऊन आले आणि खाली वाकून एकेक बिन मोजू लागले. कुठेही रंग सरकलेला नव्हता. मशीनवर छापलेला, सरकणार कुठून? मला वाटतं त्यांना तेच जास्त लागलं.

"परवानगी कोणी दिली?"

मी गप्प बसू शकले असते. "मी," मी म्हटलं. "म्हणजे, चुकून." आणि काय झालं ते सांगितलं.

आणि वर मी आणखी मूर्खपणा केला. "पण काका, तुम्हीच सांगता ना, ही लोकांची कला आहे. लोक दारावर चिकटवायचे, कपबश्या गुंडाळायचे."

"गुंडाळायचे," काका म्हणाले. "पुसायचे नाहीत."

मला हसू आलं. ते त्यांनी बघितलं.

"पाजींची बिन कोरायला मला नऊ दिवस लागले," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "झाकणाची एक रेघ दोनदा तुटली. ठोकळ्याचा तेवढा तुकडा काढून नवीन बसवला आणि परत कोरली. आणि तू दोन शब्दांत देऊन टाकलीस. तेसुद्धा न वाचता."

 मी सॉरी म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नाही किंवा नापास केलं.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मीठ हवं असेल तर काकूंना सांगायचे, "तिला म्हणावं मीठ दे," आणि मी दोन हातांवर बसलेली असायचे. गॅरेजचं दार आतून बंद. आतून दिवसभर पटाशीवर हातोडीची बारीक टकटक. काकू म्हणाल्या, "हे काहीतरी नवीन कोरतायत. कोरलं की शांत होतात. थांब जरा." पण मला थांबवेना. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज आत होता, दिलेला पत्ता याच घराचा. मी दुसऱ्या खोल्या बघायला सुरुवात केली. पॉइंट कुकला एका घराच्या इन्स्पेक्शनला गेले तर माझ्यापुढे पस्तीस माणसं रांगेत आणि आत खोलीऐवजी पडदा लावलेला लाउंजचा कोपरा. घरमालकीणबाई हसून बोलत होत्या, फ्रीझरमध्ये मला एक स्वतंत्र खण देणार होत्या. परत येताना गाडीत मला रडू आलं. खोलीसाठी नव्हतं ते. नऊ दिवस लागलेल्या झाकणासाठी होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, गॅरेजचं दार उघडलं. "तिला बोलवा," असा आतून निरोप आला.

टेबलावर एक कागद होता. वरून खाली विरत आलेला गडद निळा, चारी बाजूंना बारीक लाटांची नक्षी, खाली कोपऱ्यात काकांचा लाल शिक्का. आणि मध्ये काळ्याभोर, घोटीव देवनागरीत एकच ओळ: खोली चौदा दिवसांत रिकामी करावि. तारखेची जागा मोकळी सोडली होती, हाताने भरायला.

मी ती ओळ दोनदा वाचली. इतक्या सुंदर अक्षरात मला कोणी हाकललं नव्हतं. तीन आठवडे तो माणूस रागावून बसला नव्हता, राग कोरत बसला होता. मी कागद दोन्ही हातांनी उचलला, कारण तो तसाच उचलायचा असतो हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"ठीक आहे काका," मी म्हटलं.

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. चहा दारातच ठेवून माझ्या खांद्यावरून त्यांनी कागद वाचला. पिंपरीला असताना त्या बारा वर्षं शाळेत मराठी शिकवत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "करावी ऱ्हस्व झालंय."

काकांनी माझ्या हातातून कागद घेतला. चष्मा कपाळावर सारला, भिंग आणलं. मग ठोकळा उचलून उजेडात तिरका धरला. आम्ही दोघी उभ्याच.

"पातळ कागदावर अक्षरं लिहून कागद ठोकळ्यावर उलटा चिकटवला होता," शेवटी ते ठोकळ्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "वरचा पापुद्रा काढताना शेवटचं ‘वी’ अंगठ्याबरोबर निघून आलं. तेवढं मी हाताने काढलं. व उलटा काढला. वेलांटी..."

"वेलांटी सवयीने सुलटी काढलीत," काकू म्हणाल्या. "मग छापल्यावर ती उलटीच पडणार. पहिली वेलांटी झाली."

"रागात होतो," काका म्हणाले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडलेल्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेली ही एकमेव सबब.

मी म्हटलं, "चालेल काका. अर्थ कळतोय."

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की टॉवेलचा अपराध त्यापुढे काहीच नव्हता.

"चालेल?" ते म्हणाले. "माझ्या शिक्क्याखाली अशुद्ध नोटीस?"

त्यांनी कागद कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. "दुसरा ठोकळा करावा लागेल. लाकूड जपानहून मागवावं लागेल, हे संपलंय."

"किती दिवस लागतील?"

"लाकडाला घाई चालत नाही."

"मग तोवर मी..."

"तोवर राहा," काका म्हणाले. "चहा प्या दोघी. बाहेर."

लाकूड दोन महिन्यांनी आलं. त्यातून पाजींचा ट्रक निघाला. मग पुन्हा लाकूड आलं, त्यातून पॉइंट कुकच्या किनाऱ्यावर वाऱ्यात उडालेली छत्री निघाली. दर वेळी मी विचारायचे, "काका, माझी नोटीस?" आणि ते म्हणायचे, "रांगेत आहे." त्या छत्रीच्या शंभर प्रतींसाठी कागद मी घासले, चारशे तरी वेळा, आणि त्यातल्या एकवीस त्यांनी पास केल्या. असं करत अडीच वर्षं गेली. पीआर झाला, सिडनीला चांगली नोकरी मिळाली, क्वेकर्स हिलला घर मिळालं. निघायच्या दिवशी काकांनी माझ्या खोक्यांभोवती एक फेरी मारली आणि टेप तिरक्या लावल्या आहेत असं सांगितलं. काकूंनी मिठी मारली. काका तोवर गॅरेजमध्ये गेले होते.

तीन महिन्यांनी पोस्टाने एक पुठ्ठ्याची नळी आली. आत, दोन पातळ कागदांच्या मधोमध, नोटीस होती. निळा पहिल्यापेक्षा जास्त हळू विरलेला, लाटा जास्त बारीक. खोली चौदा दिवसांत रिकामी करावी. वेलांटी दुसरी, डौलदार, ‘व’च्या डोक्यावरून वळून खाली उतरलेली. तारीख पेन्सिलीने भरली होती, पोस्टात टाकल्याची. सोबत चिठ्ठी: ‘विलंबाबद्दल क्षमस्व.’

मी लगेच फोन लावला. "काका, नोटीस मिळाली."

"नीट बघितलीस?"

"बघितली. बरोबर आहे सगळं. पण काका, मला खोली सोडून तीन महिने झाले."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "काम अर्धं राहिलं होतं." आणि फोन काकूंकडे देऊन टाकला.

काकूंशी इकडचं तिकडचं बोलणं झालं. गुडघे, शिफ्ट, पाजींच्या मुलीचं लग्न. मग मी विचारलं, "आता खोलीत कोण आलंय?"

"कोणी नाही गं," काकू म्हणाल्या. "बघायला येतात की माणसं, चांगली असतात. हे त्यांना दारातूनच सांगतात, खोली अजून रिकामी झालेली नाही."